तीन हजार दोनशेला लावलेलं इंजिन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या क्लासेसचे संचालक आदरणीय सिद्धराम सर. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. शर्यतीसाठी कोइमतूरला निघालेला आपला जीशान. ज्यांच्या गॅरेजमध्ये ही गाडी उभी राहिली ते त्याचे वडील मकसूदचाचा. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आई फरीदाचाची. आणि जमलेल्या सर्व लातूरकरांना माझा नमस्कार.

जीशानबद्दल चार चांगले शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं आहे. ते बोलते. वळणावर ब्रेक कधी सोडायचा, हे जीशानला कळतं. ते शिकवून येत नाही. आता इंजिनाबद्दल बोलते, कारण त्याचं ट्यूनिंग माझ्याकडे होतं.

या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला दोन मापांचे कॅम आहेत. लहान कॅम व्हॉल्व्ह थोडा उचलतो, मोठा जास्त. फेरे वाढले की इंजिनाला हवा जास्त लागते, तेव्हा मोठ्यावर जायचं. तेलाचा दाब बोटाच्या पेराएवढी एक पोलादी पिन सरकवतो आणि मोठा कॅम काम धरतो. ती कधी सरकवायची, हे ठरवणं माझं काम. पुण्याला गाडी रोलरवर चढवून दोन्ही कॅमची ताकद मोजली. मिनिटाला पाच हजार चारशे फेऱ्यांना मोठा कॅम लहानाच्या पुढे जातो. मी तिथेच लावलं.

सर गॅरेजमध्ये आले तेव्हा म्हणाले, "पुनम, आपण दहावीच्या सुट्टीतच अकरावीचं पुस्तक संपवतो. म्हणून तर लातूरचं पोरगं पुढं राहतंय. मोठा कॅम इतक्या उशिरा कशाला? आधीच द्या की!"

सगळे हसले. शिष्टाचार म्हणून मीही हसले. मग सांगितलं, "सर, कमी फेऱ्यांना तेलाचा दाब कमी असतो. तेल तापलं की आणखी कमी. पिन अर्धीच सरकेल."

"अर्धी तर अर्धी. सरावानं पूर्ण जाईल."

सर, मी आपल्याच बाकांवर शिकले आहे. आपल्या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. पण पिनेला सराव होत नाही. ती झिजते.

मध्यंतरी मी नांदेडला गेले होते. परत आले तेव्हा इंजिन तीन हजार दोनशेला लावलेलं होतं. कोणी बदललं, हे मी विचारलं नाही. आजही विचारणार नाही. त्यानंतरचा व्हिडिओ आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिलाच आहे. आवाज लवकर बदलतो, अंगावर येतो. गाडीचा वेग वाढला का? नाही. आवाज वाढला.

पिन नीट बसली नाही, तर मीटरवर एक दिवा लागतो आणि संगणक इंजिनाला पुन्हा लहान कॅमवर आणतो. तो दिवा सारखा लागू लागला. तेव्हा दाब सांगणारी वायर कापून बॉडीला जोडण्यात आली. आता दिवा लागत नाही. संगणकाच्या मते सगळं ठीक आहे.

त्या दिवशी फरीदाचाची डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, ही कशी टकटक करून राहिली गं?"

जीशान म्हणाला, "अम्मी, रेसची गाडी हाय ती. तुझी शिलाई मशीन न्हाई."

"मशीन बिघडली तर कपडाच फाटतो रे," चाची म्हणाल्या. मग डबा खाली ठेवत, "भूकंपाच्या आदल्या साली भांडी अशीच वाजायची. आम्ही म्हणायचो, रोजचंच हाय. मग सवय झाली."

चाचींचं माहेर किल्लारीकडचं. पुढचं इथे कोणाला सांगावं लागत नाही.

आज सकाळी मी तेल काढलं. खालच्या बोल्टला चुंबक असतो. त्याला हा कण चिकटला होता. मागच्या रांगांना दिसणार नाही, इतका लहान आहे. पिनेच्या कडेचा आहे. कण माझ्या हातात आहे. पिन आत आहे.

ती धावत्या गाडीत निसटली, तर ऐन वळणात ताकद एकदम जाते किंवा एकदम येते. तिचा तुकडा कुठे अडकला, तर इंजिन जाम होतं. चाकं थांबतात. गाडी थांबत नाही.

मी हे जीशानला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, लई घाबरवून राहिल्या तुम्ही. चौकाचौकात माझे बॅनर हायेत. आता मागं फिरलो तर तोंड कुठं दाखवू?" खरं आहे. इंजिन उघडायला हवं, आणि उघडलं तर ही शर्यत जाते. पुढच्या वर्षी आपण बॅनर लावालच, याची खात्री मी त्याला देऊ शकत नाही. आपण देऊ शकता का?

ठीक आहे.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता मी गाडीची किल्ली जीशानच्या हाती द्यायची आहे. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी न घेता त्यात एक बदल करते. फरीदाचाची, आपण वर या. किल्ली तुमच्याजवळ ठेवा. जीशानला हवी असेल, तर तो तुमच्याकडे मागेल. आधी हा कण त्याच्या तळहातावर ठेवा, मग काय द्यायचं ते द्या.

निरोपाच्या सभेत बोलू नये ते बोलले. ज्यांना लागलं असेल, त्यांनी मोठ्या मनानं पदरात घ्यावं. शांतपणे ऐकून घेतलंत, आपली ऋणी आहे. मकसूदचाचा, चाचींना पायरीवर जरा हात द्या.