ओहोटीचं समीकरण

मंडळी, ऐका! समीकरण बरोबर आलं, म्हणजे निसर्ग कळला का?

समीकरण म्हटलं की शाळेत माझी नजर खिडकीबाहेर जायची – हसताय म्हणजे तुमचीही! पण मधुकर मास्तरांचा त्यात जीव. माडबाव गावचे ते गणित शिक्षक. चंद्र कुठे, सूर्य कुठे, त्यावरून खाडीला भरती-ओहोटी कधी, ते समीकरणातून काढायचे. सारा गाव त्यांना विचारून ओहोटीला पायी खाडी उतरायचा.

एकदा त्यांचे थोरले भाऊ विष्णुदादा निघाले. खाडीपलीकडे लेक बाळंत झालेली, नातू बघायचा! दोन दिवस समुद्रावरून वारा सुटलेला. दादा काठावर थबकले. म्हणाले, "मधू, पाणी उतरलेलं दिसत नाही रे."

मास्तर म्हणाले, "दादा, आत्ता ओहोटीच आहे. गणित चुकत नाही."

भावाचा शब्द! दादा पाण्यात उतरले... दुसऱ्या दिवशी देह सापडला, तो खारफुटीत अडकलेला.

मास्तरांनी ते समीकरण पुन्हापुन्हा मांडलं. चूक सापडेना. सापडली असती तर बरं, असं त्यांना वाटे. शेवटी वहिनीपुढे जाऊन बसले. तिने एवढंच विचारलं, "भावोजी, गणित चुकलं होतं का?"

हो म्हटलं असतं, तर सुटले असते ना? पण मास्तर म्हणाले, "नाही वहिनी. त्यात चंद्र होता, सूर्य होता. वाऱ्याने पाणी आत रेटलं, तो वारा मी धरलाच नव्हता. दादाला पाणी दिसत होतं. मी त्याला गप्प केलं."

ती माउली म्हणाली, "हे लेकीला तुमच्याच तोंडून कळू दे."

मास्तर लांबच्या रस्त्याने पुतणीकडे गेले. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पाणी दिलं. बाळ मात्र त्यांच्या मांडीवर दिलं नाही. तसेच ते परत आले.

पुढेही त्यांनी गणित सोडलं नाही. पण फळ्यावर समीकरण मांडलं की मुलांना विचारायचे – यात आपण काय धरलेलं नाही? उत्तर येईपर्यंत खडू खाली ठेवून थांबायचे.

मंडळी, समीकरण खोटं नसतं. आपण जेवढं विचारलं, तेवढंच ते सांगतं. निसर्ग त्याहून मोठा – आणि घरातलं माणूसही!

तुम्हीही घरात गणितं मांडता. लेकाचं हे असं, सुनेचं ते तसं – झालं, बरोबर! त्यात कुणाचं बोलणं तुम्ही मधेच तोडलंत? आता डोळे मिटा. देवाचं नाव घेण्याआधी त्या माणसाचं नाव घ्या – आणि घरी गेलात की त्याला बोलू द्या.