बारा आठवड्यांनी पुन्हा

“नाम घेताना कान मिटावेत,” आई सांगायची. पण दवाखान्यात शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या, आणि मला ते जमलं नाही.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“फोडाचा नमुना तपासला, त्यात हर्पीस नाही, ताई. रेझरनं कापलेलं पिकलंय.”

“सुटलो बाई! तो रेझर आधी फेक. आणि रक्त?”

“आम्ही एकत्र झोपलो त्याला दहाच दिवस झालेत. इतक्यात रक्तात कळत नाही. बारा आठवड्यांनी या, म्हणाल्या.”

“आपल्याला हर्पीस आहे हे त्यानं तुला आधी का नाही सांगितलं?”

“त्यालाच ठाऊक नव्हतं. कळल्याबरोबर फोन केला बिचाऱ्यानं. रडत होता.”

“तू काय म्हणालीस?”

“काहीही निघो, मी स्वतः येऊन सांगेन.”

“मग बसलीस काय? जा त्याच्याकडे.”

धाकटीनं तपासणीचा कागद पिशवीत ठेवला आणि हळूच दार लोटून ती निघाली.