दादा, पुढं बसा!

न्हाई, पण मी म्हणतो, गाडी घरची, डिझेल घरचं, गाडी हाकणारा पोटचा पोरगा, अन् घरच्याच मोठ्या माणसानं मागल्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं म्हणजे काय? काय म्हणायचं याला? चार महिने झाले, चार महिने मी त्या जीपला खपून राहिलो, हे हात बघा माझे, रॉकेलनं धुतले, मातीनं घासले, तरी जेवताना भाकरीला ग्रीसचा वास येतो... अन् एवढं करून आमचे दादा? मागं!

तुमाला सांगतो, दादा म्हणजे माझा बाप. ग्यानोबा ड्रायव्हर म्हणलं की उदगीर तालुक्यात अजून शंभर माणसं वळखतात. तेहतीस वर्सं सरकारी गाडी चालवली. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद, मंग त्याचे तुकडे पडले अन् आमचा लातूर नवा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणल्यावर नव्या पाट्या, नवे शिक्के, नव्या कोऱ्या गाड्या... अन् जुन्या जीपा नेऊन लावल्या हापिसाच्या मागं, लिंबाखाली. त्यात दादांची बी व्हती. अठरा वर्सं त्यांनी ती एकच जीप चालवली. ती भंगारात निघाली त्याच साली दादा रिटायर झाले. दादांना हार घातला, जीपला चुन्यानं नंबर घातला. मी नांदेडला आयटीआय करून आलेलो, बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचा धंदा, म्हणलं लिलावात हीच घ्यायची. गेलो बघायला तर काय सांगू... फरशीच्या पत्र्याला भोक, अन् त्या भोकातून एरंडाचं झाड वर आलेलं, चांगलं कमरेएवढं! दादा आले, झाडाकडं बघितलं, अन् हळूच म्हणले, "ह्याला तोडू नको रं, मुळासकट काढ, दुसरीकडं लावू." असा माणूस!

मी दस्तगीर मिस्त्रीकडं नेली गाडी. टोचन करून नेली, चालत कुटं व्हती? मिस्त्री चहा पितपित तिच्याभोवती तीन चकरा मारला अन् म्हणला, "केरबा, इसमें गाडी किदर है? पयले वो बता." मी म्हणलो, मिस्त्री, ह्या जीपला माझ्या बापानं अठरा वर्सं जीव लावला. "हौ रे बाबा, मालूम है. तेरे बाप ने जीव लगाया, अब तेरा जीव निकलेगा."

खोटं न्हाई बोलला. पेट्रोलचं इंजिन काढलं, हैद्राबादच्या भंगारातून डिझेलचं आणून बसवलं, ते बसंना म्हणून फाउंडेशन कापलं, नवं वेल्डिंग केलं. स्प्रिंगच्या पाट्यात एकेक पान वाढवलं, गाडी वर उचलली, मोठ्या बटणाचे टायर टाकले. पुढल्या चाकाचा गियर कित्येक सालापासून जाम, तो मी सोता पाच दिवस डिझेलात भिजवून सोडवला. हे सगळं व्हय, पण खरं काम कोणतं म्हणाल तर पुढली डावी शीट. भंगारातल्या अँबॅसिडरची शीट आणली, खालून पट्ट्या मारल्या, नवा फोम, लाल रेक्झिन, डोकं टेकायला उशी, हात धरायला नळी... पाय ठिवायला लाकडाची फळी केली, कारण दादांचा डावा गुडघा दुखतो. ही शीट मी कुणासाठी केली? सांगा ना, कुणासाठी केली असंल?

पहिल्या दिवशी गाडी दारात आणली, लिंबू ठिवलं चाकाखाली. म्हणलो, दादा, बसा. दादा आले. खांद्यावरचा टावेल काढला, शीट पुसली. वरून पुसली, खालून पुसली, उशी पुसली. मी म्हणलो आता बसतील. टावेल झटकला, खांद्यावर टाकला, मागं गेले, अन् फळीवर चढून बसले!

मी म्हणलो, दादा, पुढं बसा की.

"पुढली शीट साहेबाची."

अहो कोणते साहेब? साहेब आता कुटं हाईत?

"वाटंत भेटले तर? हात दाखविला तर? मंग उठावं लागंल. त्याच्यापरीस मागंच बरं."

आता ह्याला तुमी काय म्हणता? उदगिरातून आमच्या वाडीला यायचं, नऊ किलोमीटर, वाटंत भेटल्या तर शेळ्या भेटतील, साहेब कशाला भेटतोय? पण न्हाई. लगनाला निघालो, पुढली शीट रिकामी. बाजाराला निघालो, रिकामी. लोक इचारतात, "केरबा, ही लाल शीट कुणाची रं?" मी म्हणतो, दादांची. अन् दादा? मागं!

तुमाला वाटंल पोरगा हट्टी हाय. हाव, हाय हट्टी. पण माझं बी ऐका. मी धाव्वीत व्हतो, परीक्षेच्या फारमवर दादांची सही पाहिजे व्हती, म्हणून दौऱ्याच्या गावाला सायकल मारीत गेलो. तर कुण्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरात साहेबांची पंगत चालू, आतून पुरणाचा वास, अन् आमचे दादा भाईर उन्हात जीपच्या सावलीला बसून फडक्यातली भाकर खाऊन राहिले. चहा आला तर कान तुटलेल्या कपात आला, ठिवला बॉनेटवर, अन् ठिवणारा दोन पावलं मागं सरकला. दादांनी कप उचलला, मला म्हणले, "घे, अर्धा तू पी." मला कळलं, तसा का आणला, का मागं सरकला. समदं कळलं. ग्लासभर राग पोटात घेऊन मी सायकल हाणीत परत आलो, अन् तवाच ठरवलं का एक दिवस ह्याच जीपमधी दादा पुढं बसतील. एवढंच! मोठं काय मागून राहिलो का मी?

मंग हा दुष्काळ आला. हिरी कोरड्या, हापसा नुसता कुई कुई करतो, अन् पाणी कुटं तर लेंडीच्या पल्याड एका मळ्यात. लेंडी म्हणजे आमची नदी, पण आता नुसती वाळू, ढोपरापर्यंत. ट्रॅक्टर बसतो तिथं, आमची जीप पुढल्या चाकाचा गियर टाकला की जाते. मी मनात म्हणलो, झालं! दुष्काळ वाईट, पण माझं काम करतोय. मागल्या दोन्ही फळ्या काढून टाकल्या, तिथं पाण्याची तीन टिपाडं उभी केली. आता मागं बसायला जागाच न्हाई! बोलवलं दादांना. म्हणलो, दादा, पाण्याला चला. आले. टिपाडं बघितली. पुढली शीट बघितली. मी दुसरीकडं बघितलं. अन् मागं धपकन आवाज... दोन टिपाडाच्या मधी उभे! एका टिपाडावर हा हात, एकावर तो हात.

दादा, हे काय?

"पाणी हिंदळतंय रं येताना. कुणी धराया नको का?"

अहो, जाताना तर टिपाडं रिकामी हाईत!

"जाताना सवय करतो."

एकदा वाळूत गाडी फसली. मी गियर टाकून राहिलो, रेस देऊन राहिलो, चाक अजून खाली. मागून आवाज, "रेस नको. हवा सोड." उतरले, चारी चाकांतली थोडी थोडी हवा सोडली काडीनं, म्हणले, "आता दुसऱ्यात घे, अन् तिला हाकू नको, जाऊ दे." गेली! लोण्यातून गेल्यावाणी गेली! मी आयटीआयचा सर्टिफिकेटवाला, माझं तोंड बघण्यासारखं व्हतं. अन् जीप वाळूतून काढणारा माणूस? पुन्हा चढला, टिपाडं धरली. मागं!

शेवटी मी गेलो किशनरावाकडं. किशनराव म्हणजे दादांच्याच हापिसातले बडे बाबू, ते बी रिटायर, अंगणात टाइपरायटर ठिवून अर्ज टाइप करून देतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणले, "केरबा, तू त्याला विनंती करून राहिला. तेहतीस वर्सांत ग्यानोबानं विनंतीवर एक काम केलं न्हाई. लेखी आदेश लागतो." अन् घातला कागद, टाइप केला टक् टक् टक् टक्... "कार्यालयीन आदेश. विषय : जीप वाहनाच्या पुढील आसनावर बसणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून श्री. ग्यानोबा, सेवानिवृत्त वाहनचालक, यांना कळविण्यात येते की, त्यांनी सदर वाहनातून प्रवास करताना पुढील डाव्या आसनावरच बसावे. कुचराई झाल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल." मी म्हणलो, बाबू, तुमचे पाय धरू का?

त्या दिवशी आमाला पंचशीलाकडं जायचं व्हतं. पंचशीला माझी धाकटी बहीण, नांदेडच्या अलीकडं विष्णुपुरीला दिली, जावई इंजिनेरी कॉलेजात वर्कशापला हाईत. तिला लेक झाली, नाव ठिवायचं. मी टिपाडं काढली, मागं गादी टाकली, अन् दादांच्या हातात आदेश दिला. दादांनी कागद लांब धरला. जवळ आणला. पूर्ण वाचला, ओठ हालवत.

"जावक क्रमांक कुटं हाय?"

मी पेन काढला, एक लिहून टाकला. "जावक क्रमांक एक."

"सही?"

किशनरावांची हाय की, ही बघा.

"ते रिटायर हाईत. चालत न्हाई."

मंग मी करतो.

"तू ड्रायव्हर. ड्रायव्हर आदेश काढतो का? सक्षम अधिकारी पाहिजे."

मी डोकं धरलं! म्हणलो, दादा, ह्या घरात सक्षम अधिकारी कोण? दादा इचारात पडले. खरंच पडले, माणूस नियमाचा. बघितलं भितीकडं, बघितलं चुलीकडं, अन् बारीक आवाजात म्हणले, "तुझी माय."

माय आली भाकरीचं पीठ झटकत. "काय लावलंय रे सकाळधरनं बापलेकानं? बारसं उद्या करायचं का?" तिला लिहिता येत न्हाई. आंगठा म्हणलं तर शाई न्हाई. माय गेली जीपकडं, चाकाच्या ग्रीसमधी आंगठा बुडवला, अन् कागदावर असा दाबला का कागद फाटता फाटता राहिला. "बसा आता पुढं. न्हाई तर मी चालले पायी."

दादांनी कागदाची चार घड्या केल्या, वरच्या खिशात ठिवला. आत जाऊन धुतलेलं धोतर नेसून आले. शीट पुसली. इकडं तिकडं बघितलं... अन् बसले. बसले! पुढं! तुमाला सांगतो, मी स्टार्टर मारायचा इसरलो. माझ्या डोळ्याला पाणी आलं, मी आपला काच पुसल्याचं दाखवून राहिलो. सक्षम अधिकारी मागं गादीवर आडवी, म्हणली, "मी झोपते. वाळूत फसली तर उठवू नका."

जळकोटपर्यंत दादा शीटच्या काठावर. दोन बोटं जागेवर, समोरून गाडी आली की अर्धे उठतात. कंधारच्या पुढं पाठ टेकली. लोहा आलं, डोकं उशीला टेकलं. मला लई बरं वाटलं, म्हणलं घ्या दादा, तुमची जागा हाय ही, तुमची. अन् लोह्याच्या पुढं शेजारून आवाज आला...

"ड्रायव्हर, खड्डा दिसला न्हाई का?"

मी इकडं बघितलं. दादाच!

"हॉर्न कशाला? म्हातारी हाय ती, जाऊ दे तिला." दोन मिनिटं झाली न्हाईत तर, "पाणी बघितलं का रेडिएटरचं? निघताना बघावं माणसानं." आवाज बी बदलला हो! तेहतीस वर्सं डाव्या बाजूनं जे जे ऐकलं ते समदं सुरू!

विष्णुपुरीला पोचलो. व्याही दगडोबा धावत आले ते थेट पुढल्या दाराशी, "या ग्यानोबाराव, या!" हात धरून दादांना उतरवलं. तसा मान दादांना मिळालेला मी कधी बघितला नव्हता. माय उठली, आत गेली. मी आपला भाईर, कारण रेडिएटर खरंच तापलेलं, वाफ निघून राहिली, झाकण धरून उभा. ऊन असं का पाय ठरंना. आतून पोरीचं रडणं, बायांचं हसणं, गुळाचा वास. अन् मला आठवलं, म्हणजे आपोआप आठवलं, का दादा असेच उभे राहायचे. गावोगाव. तेहतीस वर्सं.

तेवढ्यात दादा भाईर आले. हातात कपबशी. चांगली, फुलाफुलाची, पाहुण्यांसाठी काढलेली. व्याही मागून वरडून राहिले, "अहो, पोरगं आणंल की, तुमी बसा!" दादांनी ऐकलं न्हाई. कप माझ्या हातात दिला अन् बशी धरून उभे राहिले. मी एक घोट घेतला, मंग म्हणले, "तेहतीस वर्सं वाट बघितली रं केरबा. एक साहेब येईल, कप घेऊन भाईर येईल, म्हणलं. चांगले साहेब बी व्हते त्यात. पण आला न्हाई एकबी."

मी कप खाली घेतला, म्हणलो, दादा...

"पी. गार व्हतो."

प्यालो. दादांनी रिकामा कप घेतला, बशीत ठिवला, दोन पावलं गेले, थांबले, धोतराचा सोगा सावरला, अन् वळून म्हणले, "ड्रायव्हर, उद्या नऊला निघायचंय. गाडी पुसून दाराला लावा."

अन् मी काय म्हणलो असंल? चार महिने खपून, हाताची कातडी घालवून, मी काय म्हणलो असंल, सांगा!

"जी, साहेब."