ह्यांना जमतं

— नाही, आधी चहा संपवा, हे येतीलच थोड्या वेळात, आज हॉस्पिटलचा वार ना ह्यांचा. लेख ‘सक्रिय निवृत्ती’वर, असंच म्हणालात ना? लिहा. उभा जन्म कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि घरात सापडेनासे झाले — सकाळी वृद्धांच्या वॉर्डात सेवा, दुपारी वाद्यवृंदात व्हायोलिन, सुट्टीला नातवंडांना बागेत नेऊन झाडांची नावं. लोक म्हणतात, भाग्यवान आहात. मी हसते. हसायला काय जातं?

आणि घरचं म्हणाल तर — जरा हळू बोलू या, आतल्या खोलीत वन्सं आहेत, ह्यांची थोरली बहीण. उजवी बाजू गेली ती परत आलीच नाही, जीभही जड झाली. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं — ह्यांचं शिक्षण, पहिलं व्हायोलिन, सगळं शिवणकाम करून. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आता त्यांचं कोण करतं? मी करते. तक्रार नाही हं — आहे म्हणा, पण ती वेगळी. हे दारात उभे राहायचे, ‘काय ताई, बरी आहेस ना’ म्हणायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. मला म्हणाले, माझ्या हातून नाही गं होणार, मला बघवत नाही. आणि मी ते मानलं. हळवा असतो एखाद्याचा स्वभाव — असं मीच सगळ्यांना सांगत फिरले, जावयालासुद्धा.

मग गेल्या हिवाळ्यात हे चष्मा विसरून गेले, म्हणून मीच तो द्यायला गेले हॉस्पिटलात. वॉर्डाच्या दाराशीच थबकले. हे एका म्हातारीच्या कॉटवर बसलेले — कोण कुठली, तिचीही एक बाजू गेलेली — तिला कुस्करलेलं केळं भरवत होते. चमचा अगदी चांगल्या बाजूने, गालाला टेकवून. तिने ते सगळं ह्यांच्या अंगावर ओकलं. मला वाटलं, आता उठतील, नर्सला हाक मारतील. कुठलं काय. खिशातला रुमाल काढला — मी इस्त्री केलेला — आधी तिचे ओठ पुसले, मग हनुवटी, मग गळ्याच्या वळ्या, स्वतःचा शर्ट सगळ्यात शेवटी. काहीतरी म्हणाले, ती हसली. जमतं हो ह्यांना. माझ्यापेक्षा छान जमतं, मी तर घाई करते.

तुम्हाला वाटेल, कौतुक वाटलं असेल मला. शिसारी आली. चष्मा नर्सच्या हातात दिला आणि निघून आले. घरी आल्यावर विचारलं, मग इथे का नाही? शांतपणे म्हणाले, “तिथली माणसं माझी कुणी लागत नाहीत गं. तिथून उठून घरी येता येतं.” खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. खरं बोलले, म्हणून जास्त किळस आली — जेवणाचं ताट तसंच सारलं मी.

मग मी काय केलं — हे लिहू नका — दुसऱ्या दिवशी ह्यांची व्हायोलिनची पेटी, स्टँड, सगळं उचलून वन्संच्या खोलीत ठेवलं. म्हटलं, भरवू नका, पुसू नका, पण वाजवायचं तर त्यांच्यासमोर. ह्यांनी पेटी उचलली आणि वाद्यवृंदाच्या सभागृहात नेऊन ठेवली. तेव्हापासून सराव तिकडेच, घरात सूर म्हणून नाही. आणि मला ठाऊक नव्हतं हो — वन्संना दिवसभरात तेवढंच होतं. बाहेरच्या खोलीतलं वाजवणं ऐकत त्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलवायच्या, मला वाटायचं, मुंग्या येतात. आता विचारतात, “आजारी… आहे का तो?” मी सांगते, तार तुटलीय. पण पहिलं व्हायोलिन त्यांनीच घेऊन दिलेलं — तार बसवायला किती वेळ लागतो, हे त्यांना कळत नाही होय?

काय म्हणालात? फोटो? ताईसह, पूर्ण कुटुंबाचा — असं ह्यांनी सांगितलं तुम्हाला? स्वतः?

वन्सं बाहेर येणार नाहीत. आत जाऊन काढायचा म्हणता? जातील हो हे. तुमचा कॅमेरा समोर असला तर जातील, शेजारी बसतील, तोंडसुद्धा पुसतील, आणि वन्सं — वन्सं हसतील.

नाही. ठेवा तो कप. हे यायच्या आत निघा तुम्ही, चपला तिकडे आहेत.