आधी घट्ट

गॅरेजच्या बाकावर बसलेल्या बाईंना त्यांच्याच गाडीखालून मिस्त्री आणि त्याच्या जावयाचं बोलणं ऐकू येत होतं. सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट काही केल्या निघत नव्हता.

“मामा, तेल सोडलं, तापवलाही. आता ढिला करू?”

“आधी किंचित घट्ट कर.”

“घट्ट? काढायचाय ना?”

“एकदम जोर लावलास की मुंडी तुटून हातात येते.”

“परवा फोनवर ‘परत चल’ म्हणून जोरच लावला मी तिला. महिना झाला माहेरी येऊन.”

“ऐकलं आम्ही. तेल मुरू दे जरा.”

“हे बोल्टचं झालं, मामा.”

“मग मी दुसरं कशाचं बोलतोय? आज सकाळी तिनं चुकून तुझाही चहा टाकला.”

कर्रकन आवाज झाला.

“हलला! काढू?”

“थांब. परत थोडा घट्ट कर.”

“परत? म्हणजे संध्याकाळी घरी येऊ की नको?”

“ये. पण पाना इथंच ठेवून ये.”