एक बोट वर

—हात लावा की, लाजताय कशाला. फक्त, पाहुणे, हिला पिकअप म्हणू नका. शहरातनं आलात म्हणून सोडतो. आमच्याकडं यूट म्हणतात. चोपन्न सालची. असली अख्ख्या जिल्ह्यात एकच उरलीय. रंग मूळचाच—डॅशबोर्डच्या आत ऊन न लागलेला एक ठिपका सापडला, त्यावरनं जुळवून घेतला. चार वर्षं लागली मला. आणि आता खरं सांगू? घेऊ नका. म्हणजे विकायचीच आहे, पेपरात जाहिरात आहे—ती आमच्या ग्लेनिसनं दिली, बायकोनं, आणि किंमतही तिनंच घातली, निम्मी—पण चाळीस वर्षं जुन्या गाड्या विकतोय मी, गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. चढावर तापते. पाऊस आला की डाव्या दारातनं पाणी, मोजे पिळून घ्यावे लागतात. आणि मुळात सुरूच होत नाही. थांबा, चावी फिरवून दाखवतो—ऐकलंत? नुसती खाकरते. लहरी आहे. तुमच्याआधी दहाजण येऊन गेले, दहांच्याही समोर अशीच खाकरली. एकजण तर ट्रेलर घेऊन आला होता, चढवून नेतो म्हणाला. त्याला म्हटलं, न्या खुशाल, सीटखाली एक तपकिरी साप राहतो, त्याला तेवढं सांभाळा. गडी आपल्या गाडीत काचा वर करून बसला, चहालासुद्धा उतरला नाही.

हसू नका, ग्लेनिस ऐकेल. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच असते तिची. तिला समुद्राकाठी राहायला जायचंय, लेकीजवळ. लेकीला जुळं झालंय, आणि हिनं त्यांना अजून फोटोतच बघितलंय. ईस्टरपासनं खोकी बांधून ठेवलीत—परवा बटाटे सोलायचं सोलणं शोधलं, तर तेही खोक्यात. यूट गेली की निघायचं, असं ठरलंय आमचं. मीच ठरवलं, मीच बोललो. मग विकत का नाही? विकतोय की. घेणाराच मिळत नाही, त्याला मी काय करू?

ही होती क्लेम हॅड्रिलची. कुंपणं घालायचा तो, खांब आणि तारा हौद्यात टाकून पन्नास वर्षं हिंडला. कुणाची गाडी चिखलात रुतली की क्लेम दोर घेऊन हजर, आणि पैसे घेईल तर शपथ. तो गेल्यावर हिच्यात कोंबड्या नांदत होत्या. मी आणली. आणि पहिल्यांदा रस्त्यावर काढली ना, तेव्हा—तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत नसेल. समोरनं गाडी आली की स्टेअरिंगवरचं एक बोट वर करायचं. हात नाही, एकच बोट. पंतप्रधान असो की मेंढ्या कातरणारा, समोरच्याचं बोट वर, आपलं बोट वर. तर सायलोच्या, म्हणजे गव्हाच्या उंच कोठाराच्या, वळणावर समोरनं रॉस पिम आला, आणि रॉसचं बोट वर. मला. एकोणीस वर्षांनी.

एकोणीस का? असंच. जुनी भानगड. रॉस तेव्हा फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होता, त्याला मी एक गाडी विकली होती. चांगली होती हो. म्हणजे आवाज अजिबात नव्हता—गिअरबॉक्समध्ये मूठभर लाकडाचा भुसा घातला की आवाज राहत नाही, धंद्यात सगळेच घालायचे त्या काळी. महिनाभर टिकतं. मला काय ठाऊक, रॉस त्याच गाडीत संघातले चार चांगले खेळाडू कोंबून फायनलला निघेल? तेरा मैलांवर गिअरबॉक्स बसला. चौघं युनिफॉर्म घालून हायवेवर माश्या मारत बसले, आणि इकडं आमचं गाव एकशेदहा गुणांनी हरलं—आमच्याकडच्या फुटबॉलात गुण शेकड्यानं होतात. कुणी शिवी दिली नाही. गाड्यांबरोबर लोखंडी सामानही ठेवतो मी; दुकानात यायचे, हवापाण्याचं बोलायचे, खिळे न्यायचे. फक्त रस्त्यावर बोट वर करायचे बंद झाले. सगळे. पाद्रीसुद्धा.

मग ही यूट आली. रॉसनं बोट केलं ते क्लेमच्या गाडीला, मला नव्हे—सवयीनं. आत मी दिसलो, पण वर केलेलं बोट खाली कसं घेणार? तसंच राहिलं बिचारं. मग रोज. आता तर लांबनंच करतो. पाद्रीही करतो. आणि उद्या मी ग्लेनिसच्या छोट्या गाडीतनं गेलो की—

जाऊ द्या. काय सांगत होतो? हां, चढावर तापते.

टोपी? टोपी कशाला काढू? ऊन आहे. नाही हो, डोक्याला काही झालेलं नाही... कुणी सांगितलं तुम्हाला? फोनवर? ग्लेनिसनं? सगळं? दहाही जणांचं?

खिडकी बंद झाली बघा. आत्ता बंद करते ही बाई.

बरं. ही काढली टोपी, हा घ्या आतला रोटर. इंजिनात ठिणगी वाटून देणारा एवढासा तुकडा, काढून घेतला की इंजिन खाकरत बसतं. द्या इकडं, मीच बसवतो, तुम्ही उलटा बसवाल. उचला ते बॉनेट. हं—आता फिरवा चावी. ...ऐका. ऐका जरा. याला म्हणतात आवाज, भुसा-बिसा काही नाही. तापत नाही चढावर. दारातनं थेंब येत नाही. साप होता, पण तो विहिरीकडं गेला, दोन वर्षं झाली.

पैसे ग्लेनिसकडं द्या. मी मोजणार नाही. आणि एक ध्यानात ठेवा—सायलोच्या वळणावर लाल गाडी भेटेल, तो रॉस. त्याचं बोट आधी वर जाईल. तुमचंही जाऊ द्या. रिकामं परत पाठवू नका त्याला, एवढंच.

निघा. फाटक लावून घ्या, कोंबड्या बाहेर पडतात. —हे काय? मला कशाला करताय? मी काय गाडीत आहे? उभ्या माणसाला करत नसतात, पाहुणे, पुढं बघून चालवा.

बरं. पोचलं. जा आता.