मूळ प्रत जमा करा

…आणि वर मलाच म्हणतात, "मॅडम, नुकसान दाखवा." अहो, नुकसान म्हणजे काय दाखवायची मुलगी आहे का, हाक मारली की पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायला?

तुम्हाला सांगते, पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर तुम्हीपण मध्येच विचाराल. आम्ही सातपूरला राहतो, कॉलनीत, तळमजल्यावर, मी आणि मम्मी. पप्पा, म्हणजे झुंबर पगारे, इथल्याच एका कंपनीत लेथवर होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मागे ठेवलं काय, तर एक प्लायवुडचं कपाट आणि त्यात चारशे बारा पुस्तकं. चौदा एप्रिलला लोक पोरांना नवे कपडे घेतात, पप्पा पुस्तकं घ्यायचे आणि मला सांगायचे, कपडे काय, तू वाढलीस की लहान होतात. आणि नुसती घ्यायचे नाहीत, वाचायचे, कंपनीच्या बसमध्ये, हातात निळ्या शाईचं पेन, आणि समासात लिहायचे. "बरोबर." "चूक. पुन्हा बघणे." एका मोठ्या विचारवंताच्या पुस्तकात तर लिहिलं होतं, "यांना आठवडाभर नाइट शिफ्टला पाठवा, मग बोलू." आणि दर चार पानांनी, "तेजलला दाखवणे."

तेजल म्हणजे मी.

आता तेजलने काय करावं? बसून वाचावं ना? पण तेजल घाईत! आधी बी.ए., मग एम.ए., मग मोर्चे, मग निवेदनं, वाचनालयासाठी निवेदन, बसथांब्यासाठी निवेदन, महापालिकेतला शिपाईसुद्धा मला बघून म्हणतो, "या ताई, आज काय पेटलंय?" म्हटलं, पप्पांची पुस्तकं काय पळून चाललीत? कपाटाचे खण सात, दोन वाचून झाले होते. पाच राहिले होते…

तर आमच्या वर राहतात नवसाबाई मावशी. त्या सकाळी पाणी आलं नव्हतं, मावशींनी नळ फिरवून बघितला, नुसता फुस्स असा आवाज आला, नळ तसाच उघडा राहिला, आणि मावशी निघाल्या भाचीच्या लग्नाची पैठणी बघायला येवल्याला. आम्ही दोघी सटाण्याला, मामाच्या मुलाच्या साखरपुड्याला. आणि पाणी, जे पाणी घरात माणसं वाट बघत बसली असताना कधी आलेलं नाही, ते त्या दिवशी आलं, आणि असं आलं की काय सांगू! मोरीच्या जाळीवर पायपुसणं पडलेलं, पाण्याला जायला वाट नाही, ते स्लॅबमधून झिरपलं आणि आमच्याकडे बरोब्बर कपाटावर. टीव्ही कोरडा. फ्रिज कोरडा. मम्मीचा मिक्सर कोरडा. धार फक्त पुस्तकांवर.

मला रडू आलं, पण मी रडले नाही. कारण घराचा विमा होता. कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेला, सगळे जण सही करतात आणि विसरतात, आमच्या पप्पांनी तो अख्खा वाचला होता, शब्दकोश घेऊन, रविवारी दोन्ही वेळा. आणि पप्पांचं एकच वाक्य असायचं, "हक्काचं आहे ते मागायचं. लाजायचं नाही आणि हात जोडायचे नाहीत." म्हटलं झालं, हक्काचं आहे, मागायचं!

विम्याचं काम बघतो आमच्याच गल्लीतला बंटीदादा. तो आला, चपला दाराबाहेर काढल्या, पाण्यात पाय घातला आणि म्हणाला, "तेजल, फॉर्मवर पुस्तकं कशाला लिहितेस? टीव्ही लिही. टीव्ही म्हटलं की कंपनीला लगेच कळतं."

"दादा, टीव्ही कोरडा आहे."

"मग ओला कर ना."

सांगा आता. मी म्हटलं, दादा, जे भिजलंय तेच लिहिणार. तो म्हणाला, "लिही बाई. पण एक लक्षात ठेव, सर्व्हेअर साहेब परवा येतील, तोवर कशाला हात लावू नको. जसं आहे तसं. काडी हलवू नको." मी मम्मीला तीनदा बजावलं. "मम्मी, जसं आहे तसं." मम्मी म्हणाली, "हो गं, मला काय कळत नाही का?" मी गेले फॉर्म द्यायला. ऑफिसात सांगितलं, फोटो लावा. म्हटलं ठीक, घरी जाऊन काढते.

घरी आले तर फिनाइलचा वास. फरशी अशी चकचकीत की माझा चेहरा दिसला. खिडक्यांना दिवाळीचे पडदे. कपाट पुसून, वर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं… आणि कपाट रिकामं.

"मम्मी, हे काय?"

"साहेब पहिल्यांदा घरी येणारेत, आणि मी काय त्यांना चिखल दाखवू?"

"अगं, चिखलच दाखवायचा होता!"

"लोक काय म्हणतील? झुंबर पगारेच्या घरी बसायला जागा नाही?"

आणि पुस्तकं? तर नवसाबाई मावशी येवल्याहून आल्या, झाला प्रकार बघितला, पैठणीची पिशवी तिथेच ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंडात मारून घेतलं. मग मम्मीला म्हणाल्या, "लताबाई, ओली पुस्तकं कोंबून ठेवली तर बुरशी येईल, द्या माझ्याकडे." त्यांचं ऐकून शेजारची आली, शेजारचीचं ऐकून समोरची. पंधरा-पंधरा, पंचवीस-पंचवीस करत सगळ्या कॉलनीने पुस्तकं वाटून नेली. अहो, एकवीस घरं! गच्च्यांवर बघावं तर एका चादरीवर कुरडया आणि दुसऱ्या चादरीवर पप्पांची पुस्तकं, आणि राखणीला बसलेली आजी कावळ्यांना दोन्हीवरून हाकलतेय. वरून इस्त्री! पानापानाला इस्त्री! आता ह्या लोकांवर चिडायचं कसं, ते मला कोणी शिकवलेलंच नाही.

परवा म्हटलेले साहेब आठव्या दिवशी आले. धनराज साहेब. माणूस सज्जन हो, मी भांडायच्या तयारीने बसलेले, तर तो दारातूनच नमस्कार करत आला. बसला. पोहे खाल्ले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाला, "घर छान ठेवलंय. नुकसान कुठंय?"

मम्मी खूश! मला कोपराने ढोसते, बघ, घर छान ठेवलंय म्हणाले.

मी गल्लीत जाऊन आवाज दिला. एकेक घरातून बायका निघाल्या, हातावर पुस्तकांची चळत, वर धुतलेला टॉवेल झाकलेला, जसं काही रुखवताचं ताट. मांडली सगळी साहेबांपुढे. त्यांनी एक उचललं, चाळलं. "मॅडम, ही तर माझ्या पोरांच्या पुस्तकांपेक्षा बरी आहेत. नुकसान दाखवा."

मी पान उघडलं. म्हटलं, "हे बघा. समासात."

"निळा डाग आहे."

"डाग नाही हो. अक्षरं होती."

"छापलेलं वाचता येतंय ना?"

आता काय सांगायचं ह्यांना? छापलेलं सगळं वाचता येतंय! छापलेलं दुकानात मिळतं, छापणाऱ्याची शाई पक्की. कच्ची होती ती पप्पांची. पाच खण, साहेब, पाच खण भरून मला काहीतरी सांगून ठेवलं होतं, आणि मी म्हणाले, परीक्षा झाल्यावर बघू. मी एकेक पान उलटत गेले, निळा ढग, निळा ढग… एका ठिकाणी नुसतं "तेज" राहिलं होतं, पुढचं वाहून गेलेलं. काय दाखवायचं होतं पप्पांना? कोणत्या ओळीवर हसले होते? ते नुकसान मी कुठल्या रकान्यात लिहू?

साहेबांनी चष्मा काढला. हळूच विचारलं, "वडील का?"

"हो."

"कपाटाचं प्लाय फुगलंय," ते म्हणाले. "पानंही वाकडी झालीत. मी लिहितो, थोडंफार बसेल. फक्त मूळ पॉलिसी जमा करा."

बघा, जिंकले होते मी! पॉलिसी होती लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, खडखडीत कोरडी. मी साहेबांसमोरच ती काढली, ऐटीत पहिलं पान उघडलं… आणि समासात निळी शाई.

जशीच्या तशी हो. जिथे "सूचना ताबडतोब द्यावी" असा नियम, तिथे पप्पांचं, "ताबडतोब म्हणजे किती? विचारणे." जिथे "योग्य पुरावा," तिथे, "योग्य हे कोण ठरवणार?" मम्मीला इंग्रजी येत नाही, पण ही मराठी तिने मोठ्याने वाचली, आणि वाचताना तिचा आवाज अगदी पप्पांसारखा भांडखोर झाला. सातव्या पानावर ती थांबली. तिथे नियम होता की हस्तलिखितं, म्हणजे हाताने लिहिलेले कागद, ह्या विम्यात धरलेले नाहीत. त्याच्यापुढे पप्पांनी लिहिलं होतं, "आपल्या घरात हस्तलिखित नाही. हरकत नाही."

नवसाबाई मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "एवढा वाचणारा माणूस, आणि त्याला एवढं कळलं नाही?"

मी कंपनीला फोन केला. म्हटलं, झेरॉक्स देते, रंगीत देते. "मूळ प्रत जमा करा, मॅडम." म्हटलं, परत मिळेल? "मॅडम, जमा म्हणजे जमा." मी दोन निवेदनं दिली, सवयच आहे. उत्तर एकच. बंटीदादा म्हणाला, "दे ना तेजल, हक्काचं आहे तुझं." तुम्हाला सांगते, हे वाक्य मला कोणी ऐकवेल असं वाटलं नव्हतं.

मम्मीने मात्र पॉलिसीला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलं, वर नंबर टाकला, चारशे तेरा, आणि फुगलेल्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात ठेवून दिली.

काल कंपनीतून फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मूळ प्रत आली नाही, फाईल बंद करावी लागेल. नुकसान निरंक असं लिहू का?"

म्हटलं, लिही बाई. पहिल्यांदाच पप्पांचं एखादं पुस्तक, हे चारशे तेरावं, मी 'नंतर बघू' न म्हणता हातात घेतलंय, आणि माझं अजून नववंच पान चालू आहे.